मेस्त्री, तुम्ही उजेडातून बाजूला सरकलात

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे टाकू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून टाकत नाही. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमधले मेस्त्री एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. फोनवर आभार मानायला गेले तर "बरं बरं, ऑइलची लेव्हल बघत जा" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. पत्र असं ठेवून देता येत नाही. शिवाय तुमची नात ते वाचून दाखवेल, आणि ती तुम्हाला मध्येच उठू देणार नाही याची मला खात्री आहे.

आमची लाल मॅसी, म्हणजे मॅसी फर्ग्युसनचा 1035 ट्रॅक्टर, सासऱ्यांनी घेतलेली. सासवडच्या अलीकडे अंजिराची बाग आहे, तिच्या ओळींत नवे थोराड ट्रॅक्टर वळत नाहीत, ही वळते. मिस्टर चाकणला पाळीवर जातात, त्यामुळे बाग माझ्याकडे आणि मॅसीही माझ्याकडे. ती गळायला लागली ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालून. आधी ठिपके, मग थारोळं. गोठ्यापासून बागेपर्यंत कुठून गेलो ते काळ्या रेघेवरून कळायचं.

ज्यांनी तुमच्याआधी तिला हात लावला त्यांचीही नावं घेत नाही, पण त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत. "क्रँकचं मागचं सील गेलंय, ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल," हे सगळ्यांचं एकमत. सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं, तेल अडवणारं कडं. एकमत होतं कारण कुणीच वाकून बघितलं नव्हतं. या ट्रॅक्टरला मोटारीसारखी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टांनी जोडलेले, तोच त्याचा कणा. मागच्या सीलपर्यंत पोचायचं तर खाली टेकू लावून ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. काम मोठं, बिल मोठं, आणि सील बदलूनही गळलं तर "जुनं इंजिन आहे ताई, थोडं गळायचंच" हे उत्तर तयार.

एकाने तर मला विचारलं, "मालक कुठायत?" म्हटलं, मालक मीच. तर म्हणे, "तसं नाही, कुणी समजणारं माणूस पाठवा." दुसऱ्याने टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेला फट बुजवायच्या सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळली आणि पैसे घेतले. मी विचारलं, तेल खाली दिसतंय पण निघतंय कुठून? तर म्हणाला, आमचा अनुभव आहे. अनुभव असेलही. पण इंजिनावर वर्षानुवर्षांचा चिकटा, त्याच्याखाली काय चाललंय हे अनुभवाला कसं दिसणार?

शेवटी टेम्पोत घालून तिला दिवे घाट उतरवली. तुमच्याकडे यायचं कारण एवढंच, की नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने सील विकायच्या ऐवजी तुमचा पत्ता दिला. त्याचेही आभार, त्याचं गिऱ्हाईक त्याने घालवलं.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. इंजिन डिझेलने धुतलंत, हवा मारून कोरडं केलंत. मग फळीवरून, ग्रीसच्या डब्याशेजारून, टाल्कम पावडरचा डबा काढलात. तुमच्याकडचा पोरगा माझा चेहरा बघून हसला. इंजिनाच्या मागच्या अंगाला पावडर फुंकलीत, इंजिन चालू केलंत आणि बाकावर जाऊन बसलात. थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. ती खालून नव्हती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, इंजिनाच्या पाठीवरून उतरत सांध्यापर्यंत. पुढचा पंखा वारा मागे ढकलतो, त्यामुळे वर पाझरलेलं तेलही मागे सरकतं आणि खाली जमतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा इतके दिवस हे कुणी का सांगितलं नाही याचा मला संताप आला. क्लचच्या हाऊसिंगखालच्या भोकातून तेल आलं की सगळे सीलवर बोट ठेवतात.

पण मी हे पत्र त्या पावडरीसाठी लिहीत नाही. ती युक्ती आणखीही काही जुन्या मेस्त्र्यांना माहीत असेल.

कव्हर खोललंत, आतला सिलिकॉन खरवडला, आणि जुन्या बाजारातून आणलेल्या त्या ओतीव लोखंडाच्या अगदी सपाट पाटावर, सरफेस प्लेटवर, ते पालथं ठेवलंत. तुम्हाला तर नुसत्या नजरेनेच कळलं होतं, कव्हरला पीळ बसलाय. "वाकलंय" म्हणाला असतात तरी मी मान डोलावली असती, दुसरं करणार काय? त्याऐवजी तुम्ही चिंधीला हात पुसले, फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, पुसलं, आणि ते माझ्या हातात दिलंत. दारातून येणारा उजेड तुमच्या अंगाने अडत होता, म्हणून दोन पावलं बाजूला सरकलात. "बघा तुम्हीच."

मी वाकून बघितलं. पुढची कड प्लेटला चिकटलेली, मागच्या कोपऱ्याखालून उजेडाची फट. गेजमधली सगळ्यात जाड, एक मिलिमीटरची पात घातली तर ती अडखळलीसुद्धा नाही. तुम्ही घाई केली नाहीत. शेडबाहेर दुसरा माणूस नांगराचा फाळ घेऊन ताटकळत होता, त्याला हाताने थांब म्हणालात. मी पात पुन्हा काढली, पुन्हा घातली, दुसऱ्या बाजूला लावून बघितली, तिथे जाईना. मग तुम्ही विचारलंत, "आता सांगा, काय करायचं?" मला विचारलंत! आतापर्यंत मला सांगितलं होतं, समजावलं होतं, मालकांना पाठवायला लावलं होतं. विचारलं कुणी नव्हतं.

त्या दोन पावलांवर मी घरी येताना सगळा घाट चढेपर्यंत बोलत होते. टेम्पोवाला कंटाळला असेल.

कव्हर का वाकतं तेही त्या फटीकडे बघतानाच कळलं. पत्र्याचं कव्हर, खाली बुचाचं पॅकिंग. पॅकिंग सुकलं की थोडं पाझरतं. मग कुणीतरी लांब पाना घालून आवळतं. पॅकिंग चिरडतं, पत्रा आवळला तिथे दबतो आणि बाजूला उचलला जातो. गळतंय म्हणून आवळायचं, आवळलं म्हणून वाकायचं, वाकलं म्हणून आणखी गळायचं. आमच्या मॅसीवर हे किती जणांनी केलं असेल देव जाणे. वर ती सिलिकॉनची ट्यूब. कव्हर उलटं केलं तेव्हा आतल्या कडेला तिच्या शेवया लोंबत होत्या. त्यातली एक तुटून खाली चेंबरमध्ये गेली आणि जाळीला चिकटली तर तेल वर चढणार नाही, बेअरिंगं जातील, असं तुम्ही म्हणालात ते अगदी साध्या आवाजात. ज्याने ती ट्यूब पिळली त्याला एक शिवीसुद्धा दिली नाहीत. ती मी मनात दिली.

पुढे ठोकून कड कशी सरळ केलीत, पॅकिंग कसं कापलंत, ते मी इथे सांगत बसत नाही. ब्रीदर तुंबला होता तोही मोकळा केलात. इंजिनातला दाब बाहेर जायला वाट नसली तर तो कुठून तरी तेल ढकलणारच. आणि बिलात काय लावलंत? पॅकिंगचा बुचाचा पत्रा आणि हातमजुरी. मागचं सील शाबूत होतं, त्याला हातही लावला नाहीत. ते न केलेलं काम तुमच्या बिलातलं सगळ्यात मोठं काम होतं, पण त्याची ओळच नव्हती.

मेस्त्री, हे इंजिन मूळचं इंग्लंडातल्या पर्किन्सच्या घराण्याचं, तीन सिलिंडरचं, 152 घनइंची, म्हणजे अडीच लिटरचं. मद्रासच्या टाफे कंपनीने 1960 नंतर मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर आपल्याकडे रुजवले आणि गावोगावच्या मेस्त्र्यांनी ते चालते ठेवले. तुम्ही खडकीच्या इंजिन कारखान्यात नोकरी केलीत, निवृत्त होऊन ही शेड टाकलीत. तिथे मोजल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती, असं तुम्ही म्हणालात. मोजायचं हे तिथे शिकलात, मान्य. पण मोजलेलं दुसऱ्याला दाखवायचं, हे तुमचं स्वतःचं.

मंडईत एखादी भाजीवाली काटा तुमच्या तोंडाकडे वळवून ठेवते. एखादे डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणतात, हे बघा, इथे. रक्कम वाचून दाखवून मगच अंगठा घेणारा बँकेतला एखादा क्लार्क. अशी माणसं पुण्यात आहेत, बरीच आहेत, आणि आपण त्यांना धन्यवादसुद्धा म्हणत नाही, कारण फसवलं गेलं नाही याची बातमी होत नाही. दुकानाच्या पाट्यांवर मात्र गिऱ्हाइकाने काय करू नये याचीच यादी. तुमच्या शेडवर पाटीच नाही, हे मी निघताना बघितलं.

तेव्हापासून मॅसीखाली मी पुठ्ठा ठेवते. कोरडा आहे. पावसाळ्यात चिखलणीचं भाड्याचं काम घेतलं, तासन् तास चालली, तरी कोरडा. सासरे रोज सकाळी काठी टेकत जाऊन तो पुठ्ठा बघतात आणि मला काही न बोलता चहाला बसतात. त्यांच्या भाषेत ही शाबासकी आहे.

आता एक काम. आमच्या वाडीतल्या एकांकडे जुना बी-275 ट्रॅक्टर आहे, तो पुढून, टायमिंग कव्हरपाशी गळतो. त्यांनाही सिलिकॉनवाला भेटून गेलाय. त्यांना तुमच्याकडे पाठवतेय. फार बोलतात, आणि सगळं आधीच माहीत असल्यासारखं बोलतात. गेज त्यांच्याही हातात द्या, आपोआप गप्प होतील. तुमची शेड रविवारी बंद असते की सोमवारी, तेवढं नातीला सांगून कळवा, म्हणजे त्यांचा टेम्पोचा खर्च वाया जायला नको.

कळावे,
लाल मॅसीवाल्या सासवडच्या ताई