अण्णा, तुम्ही ‘साधारण’ खोडलंत म्हणून

प्रिय अण्णा,
सा. न.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही ‘चहा घे’ म्हणून विषय बदलला असतात. म्हणून हे उघड पत्र.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात वजनकाट्याचा प्रोग्रॅम आणि लेबल छापणारा सर्व्हर एकाच लिनक्स (विंडोजसारखी संगणकप्रणाली) मशीनवर चालतात. काट्यावर गठ्ठा ठेवला की वजन ४५००० पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर, जातं आणि लेबल निघतं. रात्री ११ ते सकाळी ७ लेबलचा सर्व्हर बंद असायचा. काट्याचा प्रोग्रॅम मात्र रात्रभर दर १० सेकंदांनी जोडणी करून बघायचा. आठवड्यातून एखाद्या सकाळी सर्व्हर सुरूच व्हायचा नाही. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, म्हणजे ते पोर्ट आधीच कुणीतरी धरलंय. आणि काट्याच्या स्क्रीनवर हिरवी खूण, वजन पोचलं! घेणारा बंद, मग पोचलं कुणाला? गेटवर टेम्पो उभा, पॅकिंगच्या मावश्या गठ्ठ्यांवर पेनानं वजनं लिहितायत. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत व्हायचं. चार महिने हाच उपाय चालला.

त्या शनिवारी तुम्ही मशीन बंद करू दिलं नाहीत. “आजारी माणसाला आंघोळ घालून, पावडर लावून डॉक्टरकडे नेतात का?” असं म्हणालात आणि मला मशीनवरच्या चालू जोडण्या दाखवणारी एसएस कमांड चालवायला लावलीत. एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमची जोडणी असेल तर दोन ओळी दिसतात, एक इकडची, एक तिकडची. इथे एकच ओळ. डावीकडे १२७.०.०.१:४५००० (मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता आणि पोर्ट), उजवीकडेही तेच. तुम्ही बोट ठेवलंत: “पोरी, हा स्वतःशीच बोलतोय.”

बाहेर जोडणी करणाऱ्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपणहून एक पोर्ट देतं, लिनक्सवर ठरावीक सेटिंगनुसार ३२७६८ ते ६०९९९ मधलं. आमचं ४५००० नेमकं त्याच पट्ट्यात. ऐकणारं कुणी नसताना हाका मारत राहिलं, की कधीतरी हाक मारणाऱ्यालाच ४५००० मिळतं. त्याचं सिन पॅकेट, म्हणजे ‘जोडू का?’ हा पहिला निरोप, त्याच्याच सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या त्याच्याच टोकावर, येतं. दोन्ही टोकांनी एकाच वेळी जोडणी सुरू करणं टीसीपीला (अशा जोडण्यांच्या नियमांना) मान्य असल्यामुळे ती पक्की होते. पाठवलेलं वजन जसंच्या तसं परत येतं, आणि आमचा प्रोग्रॅम त्यालाच उत्तर समजायचा. मी याला बग म्हणत होते. तुम्ही टीसीपीचे नियम सांगणारा १९८१ चा दस्तऐवज, आरएफसी ७९३, उघडून ती मुभा दाखवलीत. २०२२ च्या ९२९३ मध्येही ती कायम आहे.

पोर्ट २०५०० केलं, जोडणीनंतर दोन्ही पत्ते सारखे निघाले तर ती तोडायची असं कोडमध्ये घातलं, आणि मी उठले. तुम्ही परत बसवलंत, हे सगळं लिहून काढायला. माझे खरे आभार त्या बसवण्यासाठी आहेत.

मी लिहिलं होतं, ‘लिनक्स कधीकधी स्वतःलाच जोडून घेतं.’ तुम्ही ‘कधीकधी’ खोडून हिशेब करायला सांगितलंत. पट्ट्यात २८,२३२ पोर्ट, एका रात्रीत २,८८० प्रयत्न, म्हणजे साधारण दहा रात्रींतून एकदा. पण आमच्या वहीत नोंदी होत्या पाच-सहा रात्रींच्या अंतरानं. मी ‘साधारण’वर भागवणार होते. तेही खोडलंत. मग मी घरी लूप लावून, म्हणजे जोडणी पुन्हापुन्हा करायला लावून, बघितलं. ४५००० वर जोडणी झाली. ४५००१ वर दोन तासांत एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कर्नलचा कोड उघडलात. २०१५ पासून, म्हणजे ४.२ आवृत्तीपासून, बाहेरच्या जोडणीसाठी आधी सम पोर्ट बघितले जातात, विषम शक्यतो राखून ठेवतात. म्हणजे आमच्यासाठी पोर्ट उरले निम्मेच, १४,११६. पाच रात्रींतून एकदा!

वहीतला आकडा आणि कोडमधली ओळ अशी जुळली तेव्हा मला किती आनंद झाला, ते तुम्ही बघितलंयत.

ते पान आता सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवलंय: काय दिसलं, कोणत्या कर्नलवर, पुन्हा कसं घडवायचं, काय केलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या शिफ्टच्या मुलानं ते वाचून डाईंग विभागातल्या मशीनवर हाच प्रकार मला फोनही न करता ओळखला.

काल अजून एक दिसलं. ०.०.०.० या कुणाचाच नसलेल्या पत्त्यावर जोडणी मागितली तर लिनक्स आपल्याच मशीनवर नेऊन सोडतं. पान सुरू केलंय. रविवारी घेऊन येते. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय तुमच्यासाठी.

तुमची,
काट्यावरची पोर