रूममेटला काय सांगायचं ते

मनू,

काल तू म्हणालीस रूममेटने टॉवेल लांब वाळत घालायला सांगितला, ते ऐकून डोकंच सणकलं माझं. पण तिच्याशी भांडू नकोस गं, तिला माहितीच नसणार. सरळ सांग, हे इसब आहे, नायटा नाही, खरूज नाही, कुणाला लागत नाही, माझ्या त्वचेत ओलावा टिकत नाही म्हणून ती चिडते, बास. नाहीतर परत फुल बाह्यांचे कुर्ते घालून अख्खा उन्हाळा काढशील.

जर्मनीत ना यासाठी चक्क क्लास असतात. डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, डाएटिशियन मिळून शिकवतात, आठवड्यातून एकदा दोन तास, असे 6 आठवडे. 13 ते 18 वर्षांच्या पोरांची बॅच वेगळी, अगदी लहानांच्या आईबापांची वेगळी. 2006 मध्ये त्यावरचा अभ्यास छापून आला, वर्षभरानंतरसुद्धा क्लास केलेल्यांचं इसब इतरांपेक्षा बरंच आटोक्यात होतं. आणि नुसतं क्रीम कसं लावायचं एवढंच नाही, खाज आणि टेन्शन कसं सांभाळायचं तेही शिकवतात. आपल्याकडे ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि हातात चिठ्ठी.

म्हणून आता माझा क्लास. अंघोळ कोमट पाण्याने, अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर थापायचं. त्यात कंजुषी नको, डबा संपत आला की सांग, पैसे टाकते. डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबला घाबरायचं नाही, पण मनानेही लावत सुटायचं नाही. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढी पुरते. मेडिकलवाला 'सगळ्यावर चालतं' म्हणून देतो ती मिक्स क्रीम तोंडाला अजिबात नको. आत्या फोनवर वांगं सोड, दूध सोड म्हणेल, तिला हो हो म्हण आणि पोटभर जेव.

खाज सुटली की नखं लावायची नाहीत, गार ओला रुमाल दाबून धर. रात्र रात्र झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते या दुखण्यातच येतं. परीक्षा आली की तुझं वाढतंच, तेव्हा अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेव.

लोकरीचा स्वेटर पाठवत नाहीये, टोचतो तुला, कॉटनचं जाड जॅकेट घेतलंय. कुरियर शुक्रवारी येईल, वॉचमन पार्सल ठेवून घेत नाही ना, मग फोन उचल.

आई