बार्सिलोनाच्या औषधवाल्या ताईंना

ताई,

तुमच्या कोटावरच्या पट्टीवर तुमचं नाव होतं, पण ते असं चारचौघांत लिहिणं बरं नाही, म्हणून नुसतं ताई म्हणते. बॉर्न भागातली अरुंद गल्ली, हिरव्या क्रॉसचा दिवा लागलेलं तुमचं दुकान, आणि दारात मी व माझी आई. हिरव्या नऊवारीवर स्वेटर घातलेली. तुम्हाला आठवत असेल. घरी परत आल्यावरही तुमचा विषय निघाला की माझा गळा दाटून येतो. शेवटी म्हटलं, लिहावंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं जहाज सुटणार होतं. आईची औषधं हातातल्या बॅगेत होती, आणि ती बॅग विमानात चढताना दारातच काढून घेतली, वर जागा नाही म्हणून. ‘आईच्या गोळ्या आहेत त्यात, तेवढ्या काढू द्या’ म्हणेपर्यंत बॅगेला चिठ्ठी लागून ती खाली गेलीसुद्धा. बार्सिलोनाला बाकी सामान आलं, तेवढीच बॅग आली नाही. काउंटरवर मान वर न करता एक फॉर्म पुढे सरकवला, सापडली की कळवू म्हणे. टूर कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, जहाजावर डॉक्टर असतो, उद्या तिथे बघा. हॉटेलवाल्यांनी हात वर केले. आई सत्तरीच्या पुढची, बीपी आणि शुगर दोन्ही, डोकं जड झालंय म्हणत होती. या सगळ्यांत तिच्याकडे एकाने वळून पाहिलं नाही. ती शेजारी उभी असताना तिच्याबद्दल माझ्याशी बोलत होते, तेही ‘पॅसेंजर’ म्हणून. (बॅग आम्हाला मिळाली ती सहल संपवून मुंबईत उतरल्यावर, गोळ्यांसकट.)

तुम्ही माझ्या मोबाइलमधले स्ट्रिपचे फोटो मोठे करून करून वाचलेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं कसं जमवलंत, कोणाला फोन केलात, ते इथे नको. एवढंच सांगते की आम्ही डॉक्टरांकडून परत आलो तेव्हा तुमची दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती. शटर अर्ध्यावर होतं आणि तुम्ही आत आमच्यासाठी थांबला होतात.

त्यानंतर जे केलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही काउंटरच्या मागून बाहेर आलात, आईला खुर्ची दिलीत आणि स्वतः तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसलात. पेन घेऊन बीपीच्या टेल्मिसार्टनच्या खोक्यावर सूर्य काढलात, किरणांसकट. शुगरच्या मेटफॉर्मिनच्या खोक्यावर सूर्य आणि शेजारी चंद्रकोर, आणि दोघांच्या खाली एकेक ताट, त्यात काटा-चमचा. मला इंग्रजी येतं हे तुम्हाला माहीत होतं. मला सांगून मोकळं होता आलं असतं. पण गोळ्या आईला घ्यायच्या होत्या, म्हणून तुम्ही आईलाच समजावलंत. आईने सूर्यावर बोट ठेवून ‘सकाळच्याला’ म्हटलं, चंद्रावर बोट ठेवून गालाखाली हात घेतला, आणि तुम्ही दोन्ही वेळा मान डोलावलीत. तुम्ही स्पॅनिशमध्ये, आई साताऱ्याच्या मराठीत. मला मध्ये पडायची गरजच लागली नाही. दिवसभर गप्प झालेली माझी आई तिथून ताठ मानेने बाहेर पडली.

उठताना तुम्ही विचारलंत, इथे काय बघणार? आई म्हणाली, बंदर. का, तर बाबा मशीद बंदरला माथाडी होते. १९६९चा माथाडी कायदा झाला तेव्हा ते नुकतेच कामाला लागलेले, अण्णासाहेब पाटलांच्या युनियनमध्ये. आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या. हे मी तुम्हाला कसंबसं सांगितलं, तर तुमचा चेहराच उजळला. म्हणालात, मग उद्या जहाजावर जायच्या आधी सांता मारिया देल मार चर्चचं दार नक्की बघा.

गेलो आम्ही. १३२९ साली बांधायला घेतलेलं ते चर्च, पंचावन्न वर्षांच्या आत उभं राहिलं, आणि त्याचे दगड मोंजुइकच्या डोंगरावरून बंदरातल्या हमालांनी स्वतःच्या पाठीवर वाहून आणले. मोठ्या दारावर त्यांच्या छोट्या ब्राँझच्या आकृती आहेत, ओझ्याखाली वाकलेल्या. राजे, सरदार, साधुसंत सगळीकडेच असतात, पण हमाल देवाच्या दारावर? आई कितीतरी वेळ उभी होती. ‘पाठ बघ,’ म्हणाली, ‘तुझे बाबा अस्सेच वाकायचे.’ आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात हे दार कुठेच नव्हतं.

तुमच्या शहराला आमच्यासारख्यांचा त्रास होतो, हे मी नंतर वाचलं. २०२४च्या जुलैमध्ये लोकांनी मोर्चा काढला, पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. २०२५मध्ये पालिकेने आणि बंदराने मिळून क्रूझची सात टर्मिनल २०३०पर्यंत पाचावर आणायचं ठरवलं. त्यांचा राग मला पटतो. घरभाडी वाढतात, गल्ल्या तुडुंब भरतात, आणि जहाजाची माणसं एक रात्र राहून निघून जातात. आम्ही त्यातलेच. आम्ही पुन्हा तुमच्या दुकानात येणार नव्हतो, तुमचं काही भलं करू शकणार नव्हतो. तरी दमलेल्या संध्याकाळी तुम्ही थांबलात. ज्यांना आम्ही पैसे मोजले होते त्यांना जे सुचलं नाही, ते तुम्हाला कोणी न सांगता सुचलं. चांगुलपणाला वेगळं खातं लागत नाही, ताई, हातातलं काम करतानाच तो दिसतो. तुमच्याकडे मी तो पाहिला.

जहाजावर आई रोज खोकी स्वतः काढायची, मला हात लावू द्यायची नाही. टेबलावरच्या बायकांना सूर्य-चंद्र दाखवून झाले. बीपी व्यवस्थित राहिलं.

आईचा निरोप आहे, तो तिच्याच शब्दांत देते: ‘मुंबईला आलात तर हॉटेलात उतरायचं नाही. आमचं घर कोपरखैरण्याला आहे, विमानतळावर न्यायला माझा मुलगा येईल. तिखट कमी घालीन.’

तुमची,
त्या नऊवारीतल्या आजींची मोठी लेक