त्या मुली खेळतच होत्या

प्रिय मनू,

फुटबॉलची मॅच संपल्यावर समोरच्या टीमबद्दल तू म्हणालीस, "त्या मुली खेळतच नव्हत्या, नुसते लांब फटके मारत होत्या." तेव्हा तू दमलेली होतीस, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते मला पटलेलं नाही. त्या खेळत होत्या, आणि चांगल्या विचाराने खेळत होत्या. तुझा खेळ वेगळा आहे म्हणून त्यांचा खेळ हा खेळच नाही, असं तुझ्या मनात पक्कं बसायला नको.

तुमचा दुसरा गोल कसा खाल्ला गेला ते आठव. तुमच्या गोलीनं डाव्या बॅकला, म्हणजे डावीकडे बचाव करणाऱ्या मुलीला, छोटा पास दिला. त्यांची सात नंबरची मुलगी तिच्यावर सरळ धावून आली नाही. थोडा वळसा घेऊन आतल्या बाजूने आली. त्यामुळे तू मध्यभागी मोकळी उभी होतीस, पण तुझ्यापर्यंत पास येण्याची वाट नेमकी तिच्या पाठीमागे झाकली गेली. डाव्या बॅकपुढे उरली फक्त साइडलाइन. तिनं घाईत तिकडेच चेंडू मारला आणि तिथे त्यांची दुसरी मुलगी आधीच येऊन थांबली होती. असं प्रेसिंग, म्हणजे चेंडू असलेल्या मुलीवर दबाव टाकून तिला चुकायला लावणं, आपोआप होत नाही. ते शिकवावं लागतं आणि मुलींनी ते मनापासून शिकावं लागतं.

लांब चेंडूंचंही तेच. त्यांची उंच स्ट्रायकर प्रत्येक हेडर (डोक्याने खेळायचा चेंडू) जिंकत नव्हती, तिला जिंकायची गरजही नव्हती. तिच्या आजूबाजूला पाच-सहा पावलांवर दोघी तयार असायच्या. चेंडू कुणाच्याही डोक्याला लागून खाली पडला की तो उचलायला त्या पहिल्या. तुम्ही मात्र सगळ्या वर बघत होतात.

मागून छोटे पास देत खेळ उभा करायचा, ही तुमच्या कोचची पद्धत मला मनापासून आवडते. तुमच्या वयाला तीच योग्य आहे असं माझं मत आहे. या वयात कुणी लवकर उंच होतं, कुणी उशिरा. उंच मुलीच्या डोक्यावर चेंडू टाकून आज मॅच जिंकता येते, पण पुढे बाकीच्या मुली वाढल्या की तो फायदा कमी होतो. चांगला फर्स्ट टच, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, मात्र कायम तुझ्याजवळ राहतो. पण छोटा पास कशासाठी द्यायचा, हे कळलं पाहिजे. प्रतिस्पर्ध्यांना पुढे ओढायचं आणि त्यांच्या मागे रिकामी झालेली जागा वापरायची, यासाठी तो असतो. तुम्ही त्यांना पुढे ओढलंत, आणि ती जागा वापरलीच नाहीत.

आता मोजून बघ. नऊ-नऊच्या खेळात तुम्ही 3-2-3 उभ्या राहता: गोलीपुढे तीन बॅक, मध्ये दोघी, आघाडीला तिघी. त्यांच्या पुढच्या तिघी तुमच्या बॅकवर आल्या, मधल्या दोघी तुम्हा दोघींना चिकटल्या. मग मागे किती उरल्या? तिघी, तुमच्या आघाडीच्या तिघींसमोर, आणि त्यांच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा. अशा वेळी गोलीनं विंगरच्या, म्हणजे आघाडीला कडेने खेळणाऱ्या मुलीच्या, पुढे लांब चेंडू टाकणं म्हणजे आपली पद्धत सोडणं नव्हे. शिवाय गोल किकवरून (गोलजवळून चेंडू पुन्हा खेळात आणणाऱ्या किकवरून) थेट आलेला चेंडू घेताना ऑफसाइड, म्हणजे समोरच्या बचावफळीच्या मागे आधीच असल्याची चूक, धरत नाहीत, म्हणजे तुमच्या विंगर बिनधास्त वर उभ्या राहू शकतात. तुझ्या टीममध्ये हे किती जणींना माहीत आहे, विचारून बघ.

मोठ्या स्पर्धांकडे बघ. 2004 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, ग्रीसनं बाद फेरीतले तिन्ही सामने 1-0 ने जिंकले: घट्ट बचाव, आणि संधी मिळाली की हेडर. 2010 च्या विश्वचषकात स्पेननं बाद फेरीतले चारही सामने 1-0 नेच जिंकले, पण चेंडू जास्तीत जास्त वेळ आपल्याजवळ ठेवून. तो ताबा हाच त्यांचा बचावही होता, कारण समोरच्याला चेंडू मिळालाच नाही तर तो गोल कसा करणार? दोन अगदी उलट पद्धती, स्कोअर तोच. लेस्टर हा क्लब 2015-16 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा विजेता झाला, तेव्हा बहुतेक सामन्यांत चेंडू समोरच्यांकडेच जास्त असायचा. त्यांच्याकडे स्ट्रायकर वार्डीचा वेग होता, म्हणून बचावफळीच्या मागे लवकर चेंडू टाकणं हा त्यांच्यासाठी शहाणपणाचा खेळ होता. आपल्याकडे कोण आहे आणि जागा कुठे आहे, हे बघूनच प्रत्येक संघानं आपलं उत्तर शोधलं.

तुझ्यासाठी एकच गोष्ट सांगते, कारण तू मधली आहेस आणि मैदान सगळ्यांत जास्त तुलाच दिसतं. पास तुझ्याकडे निघायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघ. चेंडू येताना स्वतःच्या गोलकडे पूर्ण तोंड करून उभी राहू नकोस, अर्धी वळलेली राहा. या मॅचमध्ये तुला बऱ्याचदा मागेच पास द्यावा लागला, कारण मागे कोण आहे हे तुला चेंडू मिळाल्यावर कळत होतं. आणि सात नंबरची पुन्हा तुझी वाट झाकायला लागली, तर दोन-तीन पावलं बाजूला सरक, म्हणजे डाव्या बॅकला तू दिसशील.

पुढच्या प्रॅक्टिसला कोचना विचार, समोरच्या पाच जणी वर आल्या की गोलीला लांब मारायची खूण कुणी करायची. मला वाटतं ती तूच करावीस, पण ते त्यांना ठरवू दे.

तुझी,
आई