मीटिंगला चल म्हणणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. केंब्रिज, मिल्टन कीन्स, स्विंडनच्या आसपास नव्या वसाहतींत आपली घरं वाढताहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यातल्या कुणाच्या उपयोगी पडलं, तर लेकीकडे लेस्टरला बसून तुम्हालाही बरंच वाटेल.

आम्ही कॅमबोर्नला आलो ते स्वस्तातलं घर आणि केंब्रिजची बस बघून. १९९८ साली शेतांवर बांधायला घेतलेलं गाव. ग्रेट, लोअर आणि अप्पर अशा त्याच्या तीन वाड्या, आणि पश्चिमेला अजून बांधकाम चालूच. २०२१च्या जनगणनेत बारा हजारांवर माणसं भरली. २०१९ मध्ये पॅरिश कौन्सिलनं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीनं, स्वतःला टाउन कौन्सिल म्हणायला सुरुवात केली. अधिकार तेच राहिले, पाटी बदलली. लोक अजून "व्हिलेज"च म्हणतात आणि तुम्हीही तेच म्हणायचात, म्हणून मीही.

आमच्या गल्लीची अवस्था तुम्हाला आठवत असेल. घरात माणसं राहायला आली होती, पण रस्त्यावर डांबराचा वरचा थरच नव्हता. मॅनहोलची झाकणं बोटभर वर आलेली, बाबागाडीचं पुढचं चाक दर वीस पावलांवर अडकायचं आणि झोपलेलं पोर दचकून उठायचं. हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून मुख्य रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी आमच्या तोंडाशी येऊन वळायची. मी घरपट्टी भरते, मग हे काय, असं मी तणतणत होते. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तणतणतेस कुणावर? कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा, रस्ता त्याहून मोठ्या काउंटी कौन्सिलचा, बाग आणि हॉल पॅरिशचा. आणि तुझा रस्ता अजून काउंटीनं ताब्यातच घेतलेला नाही, तो बिल्डरचा आहे." इतक्या वर्षांत ऑफिसातल्या एकाही माणसानं मला हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. इथल्याच माणसांनाही नीट माहीत नसतं, हे नंतर कळलं.

मग म्हणालात, मंगळवारी मीटिंगला चल.

कराडजवळ तुमचे वडील सरपंच होते, त्यामुळे पंचायत म्हणजे काय हे तुम्हाला पाळण्यातच कळलेलं. इथल्या पॅरिश कौन्सिली १८९४च्या कायद्यानं आल्या. सदस्यांना पगार नाही. क्लार्कला असतो, आणि खरं काम तोच किंवा तीच करते. खर्चाचा वाटा घरपट्टीतूनच येतो. बैठकीचा अजेंडा तीन पूर्ण दिवस आधी लावावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला थोडा वेळ देतात. मला वाटायचं, आपण परके, आपल्याला कोण बोलू देणार. तुम्ही कधी निवडणुकीला उभ्या राहिला नाहीत, पण मागच्या रांगेतली तुमची ती खुर्ची ठरलेली होती. थर्मासमधला चहा, मांडीवर अजेंडा, चष्मा डोक्यावर. अध्यक्ष आत आले की आधी तुमच्याकडे बघून मान हलवायचे.

आमच्या मागच्या बाजूला खेळायची जागा नकाशावर होती, प्रत्यक्षात जाळीचं कुंपण आणि आत कमरेइतकं गवत. घर विकताना बिल्डरच्या माणसानं "येत्या उन्हाळ्यात" असं सांगितलं होतं. कुठला उन्हाळा ते सांगितलं नव्हतं. मी तक्रारीचं लांबलचक पत्र लिहून तुम्हाला दाखवलं. तुम्ही त्यातलं घराची किंमत पडेल, खिडकीतून दिसणारं दृश्य वाईट आहे, फसवणूक झाली, हे सगळं पेन्सिलनं काढून टाकलंत. प्लॅनिंगच्या दरबारात किंमत आणि दृश्य चालत नाही. रहदारी, अंधार, दुसऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी, पार्किंग, हे चालतं. ते ऐकून मला राग आला होता, खरं सांगते. दृश्य माझंच होतं ना!

मग तुम्ही करार शोधायला लावलात. १९९० च्या नियोजन कायद्याचं कलम १०६. बिल्डरला परवानगी देताना शाळा, दवाखाना, मैदान, बस यांसाठी काय द्यायचं, कधी द्यायचं, हे लिहून घेतात. ही कागदपत्रं डिस्ट्रिक्टच्या साइटवर कुणालाही बघता येतात, फक्त बघत कुणी नाही. आपण दोघी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती पानं चाळत होतो. वकिली इंग्रजी, पुन्हा पुन्हा तेच शब्द. शेवटी तुमचं बोट एका ओळीवर थांबलं: अमुक इतक्या घरांत माणसं राहायला यायच्या आत खेळायची जागा तयार झाली पाहिजे. तितकी घरं कधीच भरली होती. आपण गल्लीतून फिरून पडदे मोजले होते, आठवतं?

मीटिंगमध्ये मी ती ओळ वाचून दाखवली, तारीख विचारली आणि बसले. दोन मिनिटंही लागली नसतील. आरडाओरडा नाही, भावनिक भाषण नाही. क्लार्कनं लिहून घेतलं आणि पुढच्या अजेंड्यात विषय आला, मग त्याच्या पुढच्यातही. त्या वर्षी पानगळ लागायच्या आत झोके लागले. माझ्यामुळे लागले असं मी म्हणत नाही. करार तर होताच, आणि पाठपुरावा कौन्सिलनं केला. पण मी गेले नसते तर करारातली ती ओळ साइटवर पडून राहिली असती.

गणपतीचं तर वेगळंच. हॉलच्या नियमात उघडी ज्योत नको असं लिहिलेलं, आणि आपल्याकडे कापराशिवाय आरती कशी? समितीतल्या एकानं "मग नकोच तो कार्यक्रम" म्हणायला सुरुवात केली होती. तुम्ही केअरटेकरला घेऊन हॉलभर फिरलात, छतावर धुराचे डिटेक्टर कुठे आहेत ते बघितलंत आणि ठरवलंत की आत विजेचे दिवे आणि कापूर बाहेर पोर्चमध्ये. निर्माल्य हिरव्या बिनमध्ये, तिथे बागेतला पालापाचोळा आणि अन्नाचा कचरा जातो. थर्माकोल आणायचाच नाही. त्या केअरटेकरनं नंतर तीन मोदक खाल्ले आणि चौथा बायकोसाठी नेला.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली होती. आमच्या शाळेचं नाव व्हिलेज कॉलेज का, असं मी विचारलं होतं. तुम्ही केंब्रिजशरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांच्याबद्दल बोलत सुटलात: १९२४ साली त्यांनी योजना मांडली की खेड्यातली शाळा दिवसा मुलांची आणि संध्याकाळी मोठ्यांची, तिथेच वाचनालय, तिथेच हॉल, आणि १९३० मध्ये सॉस्टनला पहिली सुरू झाली. आमची मात्र २०१३ मध्ये आली. त्याआधी इथली मोठी मुलं बसनं कॉम्बर्टनला जायची. गाव आधी आणि शाळा मागून, हे तुम्हाला कधीच पटलं नाही.

आता रेल्वेचा विषय आहे. ऑक्सफर्ड ते केंब्रिज लाइनवर गावाच्या उत्तरेला स्टेशन होणार असं ठरतंय, आणि त्यामागून आणखी घरं. तुम्ही जमवलेली कात्रणं आणि नकाशे असलेली जाड फाइल माझ्याकडे सुखरूप आहे. पार्किंग आणि पायवाटांच्या पानांवर मी खुणा करून ठेवल्यात. पुढच्या बैठकीआधी फोन करीन, तेव्हा विषय बदलू नका. पेन्सिल घेऊन बसा.

तुमची,
अप्पर कॅमबोर्नची शेजारीण