पहिलं शेत कुणाचं? वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जंगलालगतची शेतं सरकारने भाडेपट्ट्याने घेऊन तिथे गवत-बांबू लावायची कल्पना आमच्या उमरेड-भिवापूरकडे सध्या बरीच बोलली जाते. मला ती मुळात वाईट वाटत नाही. रात्रभर मचाणीवर जागल करूनही सकाळी रानडुकरांनी लोळवलेलं सोयाबीन ज्याला बघावं लागतं, तो वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर सही करणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

अडचण त्याच्या शेजाऱ्याची आहे. जंगलाला लागून ज्याचं शेत, त्याने जमीन दिली की दुसरा आपोआप पहिला होतो. गवत वाढलं की चितळ, रोही येणार. त्यांच्यामागे वाघ येणार. त्यासाठीच तर गवत लावायचं! मग शेजाऱ्याने तूर पेरायची की नाही? पेरली तर निंदायला बाया येतील का? सुट्या सुट्या जमिनी घेतल्या तर शिवारात जंगलाच्या कडा तेवढ्या वाढतील, आणि नुकसान कडेलाच होतं.

वाघाला शेत वर्ज्य नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ चं. पुढच्याच वर्षी जय वाघ नागझिऱ्याहून तिथे आला, तो वाटेतली शिवारं तुडवतच.

दुसरा विसरला जाणारा माणूस मक्त्याने शेत वाहणारा. सातबारा मालकाच्या नावे (मालक पुष्कळदा नागपुरात), म्हणजे भाडंही त्यालाच. वाहणाऱ्याचं पीक जाईल, बायांची वेचणी जाईल, बैलांचं कुटार जाईल, आणि कागदावर कुणाचंच काही गेलेलं नसेल. गाव नमुना १२ मध्ये पिकाच्या जागी गवत लागल्यावर पीककर्जाचं, विम्याचं काय, तेही करारातच लिहा.

म्हणून एकेकट्याला गाठून सह्या घेऊ नका. ग्रामसभेत नकाशा मांडा, सलग पट्टा ठरवा. पट्ट्याच्या गावाकडच्या कडेला कुंपण सरकारी खर्चाने, तेही गवत लावायच्या आधी. गवत कापणं, जाळरेषा (वणवा अडवायचे मोकळे पट्टे) काढणं ही कामं आधी त्याच शेतांत राबणाऱ्यांना. भाडं दरवर्षी पेरणीपूर्वी खात्यात.

अधिवेशनासाठी डिसेंबरात नागपुरात असालच. वनभवनातल्या बैठकीऐवजी एक संध्याकाळ भिवापूरकडच्या एखाद्या शिवारात काढा. तेव्हा कपाशीची वेचणी चालू असते; मालक, मक्त्याने वाहणारा, मजूर तिघेही भेटतील.

आपला,
उमरेड तालुक्यातला एक शेतकरी