मालदीव सहल आणि पाण्याच्या अकरा बाटल्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या कंपनीमार्फत केलेल्या मालदीव सहलीच्या तक्रारीसाठी कालचा माझा चौथा फोन. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

मालदीव महाग आहे हे मला जाण्याआधीच माहीत होतं. मासे आणि नारळ सोडले तर तिथे बहुतेक सगळं बाहेरून येतं, बटाटासुद्धा. म्हणूनच बॅगेत थेपले, भाजके शेंगदाणे आणि गरम पाणी ओतून होणाऱ्या उपम्याची पाकिटं भरली होती. तेव्हा "बेट म्हटलं की महाग असणारच" हे वाक्य मला परत ऐकवू नका. चार फोनमध्ये चारदा ऐकलंय.

आमचं विमान मालेला दुपारी 4 वाजून 40 मिनिटांनी उतरलं. विमान आपल्या कंपनीने निवडलं, रिसॉर्टही कंपनीनेच निवडलं. त्या रिसॉर्टला सीप्लेननेच, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जावं लागतं आणि सीप्लेन अंधारात उडत नाही. एवढ्या उशिरा उतरलेल्याला दुसऱ्या दिवसाचीच फेरी मिळते, हे मला विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. सहली विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसावं? रात्र विमानतळाजवळच्या हुल्हुमाले बेटावर काढली, स्वतःच्या खिशातले 95 डॉलर घालून. रिसॉर्टमधली आमची पहिली रात्र, जिचे पैसे आपण दोन महिने आधीच वसूल केले होते, रिकाम्या खोलीने मजेत घालवली.

एक मात्र सांगते. सकाळी तिथल्या एका साध्या हॉटेलात आम्ही मासहुनी खाल्ली. ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची एकत्र कालवलेलं, सोबत पोळीसारखी रोशी. दोघांचे मिळून शंभर रुफियाही (तिथलं चलन) झाले नाहीत. शेजारच्या दुकानात पाण्याची दीड लिटरची बाटली एका डॉलरच्या आत. मी सहा घेत होते. हे म्हणाले, "अगं, फुल बोर्ड आहे ना आपलं, सगळी जेवणं धरून? एवढ्या मोठ्या कंपनीचं आहे." ठेवल्या परत.

रिसॉर्टमध्ये पहिल्याच जेवणाला पाणी मागितलं, तर सहीसाठी कागद आला. बाटली 6 डॉलर, त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर 17 टक्के पर्यटन कर. म्हणजे 7 डॉलर 72 सेंट. आपल्या रुपयांत सातशेच्या घरात, पाण्याला. अशा अकरा झाल्या. शेवटच्या दिवशी तर नळाचं पाणी किटलीत उकळून, वाटीत गार करून प्यायलो, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीत.

आता कालचा फोन. तेवीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर आपले प्रतिनिधी आले. म्हणाले, "मॅडम, फुल बोर्ड म्हणजे तीन वेळचं जेवण. पाणी बेव्हरेजमध्ये येतं." मी विचारलं, "जेवताना पाणी पितात की नाही?" ते म्हणाले, "तो ज्याच्या त्याच्या चॉइसचा प्रश्न आहे." मी म्हटलं, मग हे बुकिंग करतानाच का नाही सांगितलं? यावर ते हसले. मोठ्याने नाही, नाकातून. आणि म्हणाले, "मॅडम, पंचविसाव्या ॲनिव्हर्सरीला कोणी पाण्याचा हिशेब ठेवतं का?"

मी ठेवते. एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत आणि अकराही पावत्या माझ्याकडे आहेत, तारीखवार. शिवाय तीन लाखांचा धनादेश घेताना आपणही हिशेब ठेवलाच होता. तेव्हा कोणी नाकातून हसलं नव्हतं.

ग्रीन टॅक्सचंही, म्हणजे पर्यटकांकडून घेतात त्या पर्यावरण कराचंही, तेच. आपल्या पत्रकात माणशी रात्रीला 6 डॉलर छापलेत. रिसॉर्टसाठी तो 1 जानेवारी 2025 पासून 12 झालाय. तो सरकारी कर, तो मला परत नको. पण इतके महिने उलटले तरी कागद बदलू नये? आणि पाणी वेगळं, ही एक ओळ त्याच कागदावर मावली नसती?

माझ्या सासूबाईंनी चारधाम आपल्याबरोबर केलं होतं. वाटेत सकाळचा चहा कसा न मागता हातात यायचा, हे त्या अजून सांगतात. मी त्यांना या सहलीबद्दल काहीच बोलले नाही. लाज वाटली, तुमच्या वतीने.

मला हवंय ते असं: हुल्हुमालेचे 95 डॉलर, पाण्याचे 84 डॉलर 92 सेंट, आणि वापरता न आलेल्या एका रात्रीचे पैसे. पंधरा दिवसांत जमा झाले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. व्यवहार 5 लाखांच्या आतला असला की तिथे फीसुद्धा पडत नाही, हे मी पाहून ठेवलंय. पुढच्या सहलीचं कूपन पाठवू नका. फोनही नको, लेखी कळवा. आणि ते नाकातून हसणारे गृहस्थ उत्तर लिहिणार असतील, तर आधी त्यांना कोणीतरी ग्लासभर पाणी द्या. फुकट.

आपली (आतापर्यंतची) ग्राहक
बुकिंग क्रमांक आपल्याकडे आहेच.
सोबत: अकरा पावत्यांच्या प्रती